विचारता येईल असा निरोप

आंतरराष्ट्रीय संज्ञापन हा विषय घेऊन मी विद्यापीठात दाखल झाले, तेव्हा वाचायला मिळालेली गावं सगळी परमुलखातली होती. डॅनियल लर्नर यांच्या १९५८च्या पुस्तकात अंकाऱ्याजवळचं बालगाट होतं. तिथला दुकानदार, तिथला मुखिया आणि गावात पोचलेला रस्ता यांच्या आधारे पारंपरिक समाज आधुनिक कसा होतो हे जगभरच्या विद्यार्थ्यांना शिकवलं गेलं. मग विल्बर श्रॅम यांचा १९६४चा ग्रंथ आला. त्या वाचनात भारतातल्या शेतकरी श्रोतेमंडळांचा दाखला भेटला. दाखल्याचा माग काढत मी युनेस्कोने १९५९ साली छापलेल्या अहवालापर्यंत गेले आणि तिथे ओळखीची नावं दिसली : पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा, कोल्हापूर. बोललेली भाषा मराठी. जगाने अभ्यासलेला प्रयोग आपल्या माणसांवर झाला होता आणि पदवीपर्यंतच्या शिक्षणात मला तो कुणी सांगितला नव्हता.

माझ्या मोखाडा तालुक्यातल्या सूर्यमाळच्या पठारावरून नाशिक जिल्हा फार लांब नाही, घाटमाथा ओलांडला की तोच मुलूख. पण मोखाडा तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता आणि ठाणे त्या पाचांत नव्हतं. आमचा पालघर जिल्हा तर २०१४ साली झाला. तरीही हा इतिहास मी आमचाच मानते. का, ते पुढे सांगते.

प्रयोग असा होता. कॅनडात १९४१पासून शेतकरी घरोघरी जमून रेडिओवरचा कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि आपलं म्हणणं कळवत. ती पद्धत भारतात चालेल का, हे पाहायचं युनेस्को आणि आकाशवाणीने ठरवलं. १९५६च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पाच जिल्ह्यांतल्या सुमारे १५० गावांत श्रोतेमंडळं बसवली गेली. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा, असे एकूण २० कार्यक्रम झाले. गावातली पंधरा-वीस माणसं रेडिओभोवती बसत. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद व्हायचा आणि खरं काम तिथून सुरू व्हायचं. ऐकलेलं आपल्या गावात लागू पडतं का, याची चर्चा होई. एक जण टिपण करी, शंका लिहून आकाशवाणीकडे पाठवी आणि त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत दिली जात.

मूल्यमापनाचं काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होतं आणि ते पाहत होते पॉल न्यूराथ. या माणसापाशी मी बराच काळ थांबले. व्हिएन्नाचे ऑटो न्यूराथ यांचे ते चिरंजीव. ऑटो म्हणजे आकडेवारी साध्या चित्रखुणांतून सामान्य माणसाला समजावी म्हणून आयसोटाइप नावाची पद्धत उभी करणारे विचारवंत. नाझींनी ऑस्ट्रिया घेतल्यावर पॉल यांना दाखाऊ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांत डांबलं होतं. सुटून ते अमेरिकेत गेले, छावणीतल्या समाजावरच कोलंबिया विद्यापीठात प्रबंध लिहिला आणि पुढे भारतात येऊन मराठी गावकरी एकमेकांशी कसे बोलतात ते मोजत बसले. ज्या व्यवस्थेत माणसाला फक्त हुकूम ऐकायचा असतो, तिचा अनुभव घेतलेल्या अभ्यासकाने ऐकणाऱ्याला प्रश्न विचारू देणारा प्रयोग तपासावा, हे मला फार मोलाचं वाटतं.

त्यांनी मंडळं असलेली गावं आणि मंडळं नसलेली गावं यांची तुलना केली. मंडळाच्या गावांत माहिती कितीतरी जास्त वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत तेवढी वाढली नाही. म्हणजे फरक पेटीने पडला नव्हता, बसून बोलण्याने पडला होता. अहवालातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटलेलं निरीक्षण वेगळंच आहे : थोड्याच आठवड्यांत ही मंडळं गावाच्या प्रश्नांवर ठरवाठरवी करणाऱ्या बैठका बनू लागली होती. उणीवही ठळक आहे. त्या बैठकांत बसणारे बहुतेक पुरुष होते. १९५९ साली योजना देशभर नेली गेली. पण गावं वाढली तसा आलेल्या प्रत्येक शंकेला उत्तर देण्याचा जोर टिकला नाही, आणि कालांतराने मंडळं विरली.

आता आमच्या बाजूचा इतिहास. श्रोतेमंडळांच्या प्रयोगाआधी अकरा वर्षं, डहाणू-उंबरगाव भागात वारली उठले होते. जानेवारी १९४५मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, २३ मे रोजी तलासरीजवळच्या झरी गावात वारल्यांची मोठी सभा झाली आणि जमीनदारांची वेठ करायची नाही हा निर्णय पाड्यापाड्यांत पोचला. छापील कागदावर तो जाणं शक्यच नव्हतं, वाचणार कोण? तो माणसांच्या तोंडून, पायी गेला. किसान सभेच्या नेत्या गोदावरी ऊर्फ गोदूताई परुळेकर यांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मी विद्यापीठात पुन्हा वाचलं, ते संज्ञापनाचा ग्रंथ म्हणून. त्यात तलवाड्याची हकिकत आहे. ऑक्टोबर १९४५मध्ये जमीनदारांच्या माणसांनी पाड्यांवर निरोप फिरवला, की गोदूताई तलवाड्याला येणार आहेत, त्यांच्या जिवाला धोका आहे, लाठ्याकाठ्या घेऊन या. हजारो वारली जमले. तिकडे सरकारला कळवलं गेलं की जमाव चाल करून येतोय. पोलिसांनी गोळीबार केला. पाच माणसं गेली, त्यांत जेठ्या गांगड होते. बाईंच्या नावाने आलेला निरोप म्हणून लोक हटायला तयार नव्हते.

त्या पानांवर मी पेन्सिलीने एकच वाक्य लिहिलं : निरोप उलटून विचारायची सोय नव्हती. प्रचार, अफवा, युद्धकाळातली माध्यमं यांवर आम्हाला युरोप-अमेरिकेतली ढीगभर उदाहरणं शिकवतात. तलवाडा त्या यादीत असायला हवा. संघटनेचा खरा निरोप ज्या वाटेने जात होता, त्याच वाटेने खोटा निरोपही गेला. ऐकणाऱ्याचा विश्वास दोन्हीकडे सारखाच होता. १९४५चा तलवाडा आणि १९५६ची श्रोतेमंडळं ही दोन टोकं शेजारी ठेवली की माझा सगळा विषय माझ्यासमोर उभा राहतो.

आमच्या डोंगरात एकत्र बसून ठरवण्याची रीत मात्र कुणी बाहेरून आणून दिलेली नाही. मोखाडा-जव्हार भागातला बोहाडा हा सोंगांचा उत्सव घ्या. बाहेरच्यांना दिसतात ते मुखवटे. त्याआधी गाव बसतं, पट्टी ठरते, कोणतं सोंग कोणत्या घराने नाचवायचं याचा जुना मान पाळला जातो आणि कुणाच्या घरी दुःख झालं असेल तर बदली कोण, तेही तिथेच ठरतं. मग रात्री टेंभ्याच्या उजेडात गणपती येतो, शारदा येते, पुढे देव-दैत्यांची रांग लागते. डोक्याला फडकं घट्ट गुंडाळून त्यावर मुखवटा बांधतात. आतल्या माणसाला समोरचं जेमतेम दिसतं, म्हणून एक जण टेंभा घेऊन पुढे राहतो. संबळ आणि पिपाणी सोंगासोबत चालतात. पाय चुकला तर दोन्ही बाजूंना बसलेल्या बायका लगेच बोलतात आणि नाचणारा ते ऐकून सुधारतो. रामायण-महाभारत अक्षरओळख नसलेल्या पिढ्यांपर्यंत पोचलं ते असं, प्रेक्षकाच्या टोकण्यासकट.

माझ्या लहानपणी बातमीची दुसरी वाट एसटीची होती. दिवाळीनंतर, खळी उरकली की अर्धा पाडा जगायला जायचा, भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर. आजी-आजा आणि आम्ही पोरं मागे. खोडाळ्याच्या बाजारात कुणी भेटला, गाडीत कुणी ओळखीचा निघाला, तर त्याच्यासोबत निरोप जाई : म्हातारीला बरं नाही, पोर आश्रमशाळेत पोचलं, होळीला या. होळीला माणसं यायचीच. आता प्रत्येकाकडे फोन आहे आणि भट्टीवरून चित्रासकट बोलता येतं. पण सरकारी योजनांचे संदेश त्याच फोनवर येतात, आणि त्यांना उत्तर पाठवलं तर ते कुठेच पोचत नाही.

जव्हार-मोखाड्याची बातमी बाहेर गेली ती प्रामुख्याने मृत्यूची. १९९२-९३मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी जव्हारचं नाव राज्यभर पोचवलं. ती बातमी जायलाच हवी होती, त्या पत्रकारांचे उपकार आहेत. पण कुपोषणाच्या पलीकडचा आमचा शब्द त्यानंतरही फारसा गेला नाही. आयरिश मुत्सद्दी शॉन मॅकब्राइड यांच्या अध्यक्षतेखालच्या युनेस्को आयोगाने १९८० साली हेच गाऱ्हाणं राष्ट्रांच्या पातळीवर मांडलं होतं : बातम्यांचा ओघ श्रीमंत देशांकडून गरिबांकडे वाहतो आणि गरीब देश दिसतात ते संकटापुरते. त्या आयोगात भारताचे बी. जी. वर्गीस होते. वर्गात या अहवालावर चर्चा झाली तेव्हा सगळे दिल्ली आणि न्यूयॉर्कबद्दल बोलत होते. मी मुंबई आणि मोखाड्याबद्दल बोलले. एका राज्याच्या आतही हाच ओघ असतो, हे माझं म्हणणं तेव्हाही होतं, आजही आहे.

माझा प्रबंध याच धाग्यावर चालू आहे. अनुसूचित क्षेत्रांसाठीचा पेसा कायदा १९९६चा, महाराष्ट्राचे नियम २०१४चे. त्यांनी पाड्याच्या ग्रामसभेला बोलायचा हक्क दिला. मी सुट्टीत घरी आले की ग्रामसभांना बसते आणि श्रोतेमंडळांतले टिपणकार करत तसं टिपण करते : प्रश्न कुणी विचारला, पुरुषाने की बाईने, कुठे पाठवला, उत्तर आलं का, आलं तर पुन्हा सभेत वाचून दाखवलं का. बायकांचा सर्वांत जुना प्रश्न पाण्याचा आहे. वैतरणेवरच्या धरणांचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांवर टँकर येतो, हे असं का, आणि बदलणार कधी. वहीत या प्रश्नासमोर ‘पाठवला’ हा रकाना भरलेला आहे. पुढच्या ग्रामसभेत तो पुन्हा विचारला जाणार आहे आणि त्या वेळी तालुक्याचा माणूस समोर बसलेला असावा, अशी मागणी बायकांनी लेखी केली आहे.