आधी कोणाचा नंबर?

घरातल्या सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही 'लायटनिंग कॉल' म्हणजे काय, ते विचारा. परगावी फोन करायचा तर आधी एक्स्चेंजकडे ट्रंक कॉल नोंदवावा लागे. तो ऑर्डिनरी, अर्जंट की लायटनिंग, हेही तेव्हाच सांगायचं. ऑर्डिनरीवाला तासन्‌तास फोनपाशी बसून राही. लायटनिंगवाला सगळ्यांच्या पुढे जाई, पण त्याचा दर कितीतरी पट. लाइनी मोजक्या, बोलणारे फार. मग आधी कोण, हे खिसा ठरवायचा.

अमेरिकी लष्कराने तेच हुद्द्यावरून ठरवलं. १९६०च्या दशकात उभ्या राहिलेल्या त्यांच्या 'ऑटोव्हॉन' या टेलिफोन जाळ्यातल्या फोनवर नेहमीच्या आकड्यांशेजारी चार जादा बटणं होती : प्रायॉरिटी, इमिजिएट, फ्लॅश आणि फ्लॅश ओव्हरराइड. लाइन मोकळी नसेल तर वरच्या पायरीचा कॉल खालच्या पायरीचं चालू बोलणं सरळ तोडून टाकी. सर्वांत वरची पायरी राष्ट्राध्यक्ष आणि अगदी मोजक्या वरिष्ठांसाठी राखीव होती.

ही नावं पुढे इंटरनेटमध्येही आली. १९८१मध्ये आयपीचे नियम लिहिले गेले, तेव्हा प्रत्येक पॅकेटवर प्राधान्यासाठी तीन बिट राखून ठेवले होते. तीन बिट म्हणजे आठ पायऱ्या. त्यांत फ्लॅश होतं आणि फ्लॅश ओव्हरराइडही. फरक एवढाच, की शिक्का मारणार पाठवणाराच. आपल्या अर्जावर आपणच 'अति तातडीचे' लिहायची मुभा असेल, तर कोण लिहिणार नाही? सार्वजनिक इंटरनेटवर त्या शिक्क्याकडे फारसं कुणी पाहिलंच नाही.

वेब सर्व्हर तर रांगेत उभं राहायला लावणारे. आधी येईल त्याला आधी. १९९९मध्ये ह्युलेट-पॅकार्डच्या नीना भट्टी आणि रिच फ्रेडरिक यांनी यातली गोम दाखवली : वाटेत प्राधान्य मिळालेली विनंतीसुद्धा सर्व्हरच्या दारात आली, की त्याच गर्दीत अडकते. त्यांनी 'अपाची' या सर्व्हरमध्ये बदल करून आलेली विनंती आधी पारखायची सोय केली. पत्ता, कुकी किंवा मागितलेलं पान पाहून सर्व्हरच तिचा वर्ग ठरवणार आणि गर्दी फार झाली तर खालच्या वर्गाला दारातच नकार देणार. म्हणजे शिक्का मारणारा बदलला. पण 'प्रीमियम' आणि 'बेसिक' ही नावं बघा. त्यात खिसा होताच.

गूगलच्या अभियंत्यांनी २०१६मध्ये आपल्या कामाबद्दल पुस्तक लिहिलं, त्यात निराळी कसोटी दिसते. त्यांच्याकडे विनंत्यांचे चार वर्ग. सर्वांत खालच्याचं नाव 'शेडेबल', म्हणजे वेळ आली तर टाकून देता येण्याजोगा. इथे मागणारा कोण, यापेक्षा नाकारलं तर माणसाचं किती अडेल, हा प्रश्न पुढे येतो. पैसे भरण्याची विनंती टाकली तर घोळ होतो. 'तुम्हाला हेही आवडेल' ही यादी आली नाही, तर कुणाचं काही बिघडत नाही.

तुमच्या हातातला ब्राउझरही आज सर्व्हरला काय आधी हवं ते सांगतो. एचटीटीपी/२मध्ये, २०१५ साली, त्यासाठी विनंत्यांचं भलं गुंतागुंतीचं झाड मांडायची पद्धत आणली. ती पेलवली नाही आणि २०२२मध्ये तिच्या जागी साधे आकडे आले. शून्य ते सात. शून्य सर्वांत निकडीचा. पुन्हा आठ पायऱ्या! पण हे आकडे निव्वळ सूचना असतात. शेवटचा शब्द सर्व्हरचा.

निकालाच्या दिवशी पान उघडत नाही, तेव्हा कधी खरोखर यंत्र दमलेलं असतं. कधी मात्र कुणीतरी आधीच लिहून ठेवलेल्या नियमाप्रमाणे आपण खालच्या वर्गात पडलेलो असतो. यातलं नेमकं काय झालं, ते पडद्यावरून कळत नाही. ट्रंक कॉल नोंदवताना वर्ग आपणच सांगायचो आणि त्याचा दरही माहीत असायचा. आता आपण कुठल्या रांगेत उभे आहोत, एवढंही कुणी सांगत नाही.