नांगराची निशाणी

१२ मे १८७५. भीमथडी तालुक्यातल्या सुप्यात आज बाजार भरलाय आणि तू त्या गर्दीत उभी आहेस. समोर विटलेलं पागोटं गुंडाळलेला, अनवाणी गडी दिसतोय तो तुझा खापरपणजोबा. वय पंचविशीचं. बाजरीच्या पोत्यांकडे तो बघतही नाही. त्याचे डोळे गुजर सावकाराच्या ओसरीवर आहेत, आणि भोवतालच्या गावांहून आलेल्या शेकडो कुणब्यांचेही तिथंच. एकाएकी गलका होतो, दारं फुटतात, दप्तरं रस्त्यावर येतात. सावकाराच्या जिवाशी कुणाला फारसं देणंघेणं नाही. कर्जाची खतं हातात आली की झालं. ती पेटतात तेव्हा वाकून बघ. अक्षरं मोडीत आहेत, तुला लागायची नाहीत, पण तळाशी इवलासा नांगर काढलेला ओळखशील. लिहिता न येणाऱ्या कुणब्याची ती सही. चित्र लिहिणाराच काढायचा, कुणबी फक्त कलमाला हात लावायचा.

हे इतकं साचलं कसं, ते बघायचं तर दहाबारा वर्षं मागं जावं लागेल. अमेरिकेत यादवी चालू आहे, तिकडचा कापूस अडलाय आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आलाय. सावकार बोलावून कर्ज देतोय. १८६५ साली युद्ध संपतं, भाव कोसळतो. पुढं सारावाढही होते. कर्जाचं खत तीनच वर्षं चालेल असा कायदा सरकारनं १८५९ मध्ये केला होता, रयतेच्या भल्यासाठी म्हणे. सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुदलात घालून नवं खत लिहून घेतो. पुन्हा एक नांगर.

आज सुप्यात जळालेल्या ढिगात तुझ्या खापरपणजोबाचं खत नव्हतंच. ते केव्हाच कोर्टात गेलं होतं, हुकूमनामाही झाला होता. पाठोपाठ १८७६ चा दुष्काळ. १८७९ च्या कायद्यानं कर्जापायी कुणब्याला तुरुंगात टाकणं बंद केलं, पण तोवर तुमचं रान सावकाराच्या नावावर चढलेलं. त्याच रानात खापरपणजोबा अर्धेलीनं पाभर धरतो. खापरपणजीचं नाव कुठल्याच कागदावर सापडणार नाही. घरातून सगळ्यात आधी गहाण पडले ते मात्र तिचे चांदीचे गोठ.

पुढची ऐंशी वर्षं भरभर ओलांड. त्यांत राबणं आहे, वाटणी आहे, प्लेग आहे; कागदात फरक नाही.

१ एप्रिल १९५७, कृषक दिन. कायद्यानं कूळ मालक झालंय. खरं तर लगेच नाही: किंमत ठरायची, हप्ते भरायचे, आणि मग कुठे बत्तीस-म चं प्रमाणपत्र हाती यायचं. ते घेताना आजोबा शाईचा डावा अंगठा टेकवतात आणि बोट धोतराला पुसतात. डाग निघत नाही म्हणून आजी दोन दिवस बडबडते. कूळकायद्याला नावं ठेवणारे पुष्कळ भेटतील. त्यांना हे धोतर दाखवावंसं वाटतं.

१९७२. विहिरीचा तळ दिसतोय. दुष्काळी कामावर आजी खडी फोडतेय, पदराखाली सुकडीची पुडी. घरी भाकरी अमेरिकेहून आलेल्या तांबड्या मिलोची, कुणाच्या घशाखाली उतरत नाही. मुकादम हजेरीपट वाचतो आणि तुझ्या आजीचं नाव मोठ्यानं घेतो. शंभर वर्षांत या घरातल्या बाईचं नाव कागदावर आलं ते असं, खडी फोडणारी म्हणून.

आणि आता दुय्यम निबंधक कार्यालय. टोकन घेऊन तू बाकावर बसली आहेस. वडील गेले. २००५ पासून वडिलोपार्जित रानात मुलीचा हिस्सा मुलाइतकाच. समोर हक्कसोडपत्र टाइप होऊन तयार आहे.

"ताई, एवढी सही कर. मग त्या मशीनवर अंगठा," दादा म्हणतो.

"माझ्या वाट्याला किती येतं?"

"आता कसली वाटणी? गुंठ्यांवर आलंय सगळं."

"किती गुंठे?"

दादा वकिलाकडे बघतो. वकील म्हणतो, "ताई, तसं कुणी विचारत नाही."