औषध नावाचे विष

आमच्या खानदेशात कीटकनाशकाला कोणी विष म्हणत नाही, औषध म्हणतात. "कपाशीले औषध मारनं शे" असे सहज बोलले जाते. पण "त्याने औषध घेतले" असे कोणी दबक्या आवाजात सांगितले, तर त्याचा अर्थ गावातल्या लहान पोरालाही कळतो. हा शब्द असा दुहेरी का झाला, याचा विचार करताना मला नेहमी डी.डी.टी. आठवते.

मी लहान होतो तेव्हा धुळे जिल्ह्याला पश्चिम खानदेश म्हणत. हिवतापाचे फवारणीवाले गावात आले की भांडीकुंडी, गोधड्या सगळे अंगणात यायचे. भिंतींवर फवारा मारून झाला की ते दारावर तारीख लिहून जात. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख दगावत, असा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि १९६५ पर्यंत रुग्णसंख्या लाखाच्या आसपास आली. डी.डी.टी.चा हा गुण शोधणाऱ्या पॉल म्युलर यांना १९४८ चे नोबेल मिळाले होते. आज डी.डी.टी.ला सरसकट शिव्या देणाऱ्यांनी सातपुड्याच्या पायथ्याचा तो थंडीताप पाहिलेला नसतो. त्या पिढीला ते औषधच वाटले, यात नवल ते काय!

पण आपल्या शरीराला ते ओळखता आले नाही. शरीराची रीत साधी आहे. नको असलेला पदार्थ यकृतात जातो, तिथली विकरे त्याची मोडतोड करून तो पाण्यात विरघळेल असा करतात, मग मूत्रपिंडे त्याला बाहेर काढतात. लाखो वर्षे झाडपाल्यातली कडू विषे पचवत ही व्यवस्था तयार झाली. डी.डी.टी. मात्र पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळते. यकृत त्याचे डी.डी.ई. करते, आणि ते तर डी.डी.टी.पेक्षाही चिवट! दोन्ही चरबीत वर्षानुवर्षे मुक्काम ठोकतात. आईच्या दुधात डी.डी.टी. सापडल्याचे १९५१ सालीच प्रसिद्ध झाले होते. आपल्याकडे शेतीतला त्याचा वापर बंद झाला तो १९८९ मध्ये. मधली अडतीस वर्षे मोजा.

याहून चमत्कारिक गोष्ट दुसऱ्या घराण्याची. जर्मनीत गेरहार्ड श्राडर हा रसायनशास्त्रज्ञ १९३० च्या दशकात स्फुरदयुक्त कीटकनाशके शोधत होता. त्याच शोधात युद्धातले विषारी वायूही सापडले, आणि १९४४ मध्ये पॅराथिऑन तयार झाले. हे पॅराथिऑन बाटलीत असते तेव्हा तितके जहाल नसते. यकृत त्याला बाहेर काढण्यासाठी हात लावते आणि त्याचेच पॅराऑक्सॉन बनते. खरे विष ते! म्हणजे रखवालदारानेच चोराच्या हाती सुरा द्यावा तसे झाले. १९४७ साली आर. टी. विल्यम्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला, त्याच्या नावात 'निर्विषीकरण' अशा अर्थाचा शब्द होता. तो शब्द अपुरा आहे, हे पुढे अशा रसायनांनीच दाखवून दिले. शेतकऱ्याच्या 'औषध' शब्दाला हसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

१९५८ मध्ये केरळात याची भयंकर प्रचिती आली. जहाजातून अन्नपदार्थांबरोबर आलेले पॅराथिऑन (फॉलिडॉल) सांडून त्यात मिसळले आणि शंभरावर माणसे गेली. चौकशीला नेमले ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. जे. सी. शहा. पुढे दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, कीटकनाशक कायदा झाला.

आमच्याकडे कपाशीच्या मावा-तुडतुड्यांवर घरोघरी पोचले ते रोगर. त्यातले डायमेथोएटही यकृतात जाऊन अधिक जहाल होते. मज्जातंतूंचा निरोप पोचला की तो पुसून टाकणारे एक विकर असते, कोलिनइस्टरेज. हे विष नेमके त्यालाच बांधून टाकते. मग निरोप थांबतच नाही. लाळ, डोळ्यांतून पाणी, दरदरून घाम, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, शेवटी श्वास अडकतो. ॲट्रोपिन वेळेवर मिळाले तर माणूस वाचतो.

आणि हे प्यावेच लागते असे नाही. भादव्याच्या उकाड्यात, डोक्याइतक्या वाढलेल्या कपाशीत, उघड्या अंगाने पंप पाठीवर घेऊन चालणाऱ्याच्या घामेजल्या कातडीतून ते आत जाते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. तिथे अनेक प्रकारची औषधे एकत्र मिसळली जात होती. ती बातमी वाचताना यवतमाळ मला परके वाटले नाही. कपाशी तीच, पंप तोच, आणि डब्यावरची बारीक अक्षरेही तीच.

डब्यावर एक त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिजहाल, मग पिवळा, निळा, हिरवा असा उतरता क्रम. निवृत्तीनंतर ओळखीतल्या शेतकऱ्यांना मी तो दाखवत असतो. एकदा एक जण म्हणाला, "गुरुजी, हिरवा म्हणजे पिकाला चांगला ना?" त्याच्या शेतावर पंप मारणारा सालदार शेजारीच उभा होता. त्याने तर तो त्रिकोण कधी पाहिलाच नव्हता. त्याच्या हाती औषध येते ते बादलीत कालवूनच.