लहान नौका, मोठे अस्त्र

वाचकहो, परांड्याचा किल्ला आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या पुष्कळांनी पाहिला असेल. आज विजापुरास असलेली मुलुखमैदान तोफ एके काळी याच किल्ल्यावर होती. १५४९ साली अहमदनगरास ओतलेली ही तोफ १६३२ मध्ये परांड्याहून विजापुरास गेली. पन्नास टनांहून अधिक वजनाचे ते धूड ओढावयास शेकडो बैल जुंपले होते, असे सांगतात. तोफ उडाली की मागे धक्का देते. बुरूज तो सोसतो. पण असली तोफ होडीवर चढवली तर काय होईल? पहिल्या बाराची वाटच पाहावयास नको, वजनानेच होडी तळ गाठील!

म्हणून दर्यावर शेकडो वर्षे एकच हिशेब चालला : मोठी तोफ हवी, तर मोठे जहाज हवे. कान्होजी आंग्र्यांनी त्यातूनही वाट काढली. त्यांच्या गुराबांच्या नाळेवर मोजक्या तोफा असत आणि वारा पडला की वल्ह्यांची गलबते गुराबेला ओढून नेत.

हा जुना हिशेब क्षेपणास्त्राने मोडला. क्षेपणास्त्र स्वतःच्या इंजिनाने पुढे झेपावते. त्याची आग मागे निघून जाते आणि तोफेसारखा दणका नौकेला बसत नाही. २१ ऑक्टोबर १९६७ रोजी इजिप्तच्या चिमुकल्या नौकांनी ‘ऐलात’ ही इस्रायली विनाशिका याच अस्त्राने बुडवली, तेव्हा जगभरचे दर्यावर्दी चकित झाले.

१९७१ च्या आरंभी सोव्हिएत रशियाकडून अशा आठ नौका आपल्याकडे आल्या. लांबी जेमतेम चाळीस मीटर, वजन दोनशे टनांच्या आसपास. पण प्रत्येकीवर चार क्षेपणास्त्रे होती. एकेक सुमारे अडीच टनांचे आणि पल्ला चाळीसेक किलोमीटरचा. मात्र या नौका मुळात किनाऱ्याच्या राखणीसाठी बांधलेल्या. इंधन थोडे, आणि पाण्याखालचे तर काहीच कळत नसे.

मग नौदलाने काय केले? वाटेतला काही पल्ला मोठ्या जहाजांनी त्यांना दोर बांधून ओढत नेले. आंग्र्यांच्या गुराबांची आठवण यावी, अशीच ही युक्ती! सोबतीला ‘किल्तान’ व ‘कच्छल’ ही पाणबुडीविरोधी जहाजे दिली. ४ डिसेंबरच्या रात्री कमांडर बब्रुभान यादव यांच्या नेतृत्वाखाली ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ कराचीवर चालून गेल्या. पाकिस्तानची ‘खैबर’ ही विनाशिका आणि ‘मुहाफिझ’ ही सुरुंग काढणारी नौका बुडाली. ८ डिसेंबरच्या रात्री एकट्या ‘विनाश’ने, ‘तलवार’ व ‘त्रिशूल’ यांच्या सोबतीने जाऊन, कराचीचे तेलाचे साठे पेटवले.

इथेच गोष्ट संपली असती, तर किती बरे झाले असते! पण लगेच दुसऱ्या रात्री, ९ डिसेंबरला, दीवजवळच्या समुद्रात ‘खुकरी’ बुडाली. ती तर पाणबुडीच्याच शोधात निघाली होती. मग असे का व्हावे?

पाणबुडी शोधावयास सोनार नावाचे यंत्र लागते. (हा दागिने घडवणारा सोनार नव्हे, बरे का!) आडात ओ घातली की जसा प्रतिध्वनी येतो, तसा हे यंत्र पाण्यात आवाज सोडते आणि परतून आलेला आवाज टिपते. पण उष्ण समुद्रात पाण्याचे थर कमी-अधिक तापलेले असतात. त्यांतून आवाज वाकडा जातो आणि यंत्र बहिरे होते. नीट ऐकू यावे म्हणून ‘खुकरी’ने वेग कमी ठेवला होता. तिचे पाणबुडीविरोधी बाँब जेमतेम किलोमीटरभर जात. ‘हंगोर’ या पाणबुडीचे पाणतीर त्याहून पुष्कळ दूर मारा करीत. अस्त्र होते, पण कान तोकडे पडले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला आपल्या जहाजाबरोबरच समुद्रात गेले.

यातून घ्यावयाचा धडा साधा आहे. नुसते अस्त्र चढवून नौका लढाऊ होत नाही. तिला डोळे, कान आणि सोबती हवेत. पुढे मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली, क्षेपणास्त्रे वाहणारी नवी ‘खुकरी’ १९८९ मध्ये नौदलात आली आणि २०२१ मध्ये निवृत्त झाली. १८ जून २०२५ रोजी ‘अर्नाळा’ ही सत्त्याहत्तर मीटरांची नौका दाखल झाली, ती खास उथळ पाण्यातल्या पाणबुड्या हुडकण्यासाठी. तिच्यावर सोनार आहे, पाणतीर आहेत, रॉकेटेही आहेत. वसईजवळचा जो अर्नाळा मराठ्यांनी १७३७ मध्ये जिंकला, त्याचेच नाव तिला दिले आहे.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, ४ डिसेंबर हा नौदल दिन शाळेत जरूर साजरा करा. फळ्यावर अरबी समुद्राचा नकाशा काढून मुलांना कराची दाखवा. मात्र त्याच नकाशावर दीवजवळही एक खूण करा आणि ९ डिसेंबरही सांगा. समुद्र न पाहिलेल्या आपल्या मुलांना विजयाइतकीच त्याची किंमतही कळली पाहिजे.