शाळेला '20 टक्के अनुदान' म्हणजे नेमकं काय?

डिसेंबरमध्ये नागपुरात हिवाळी अधिवेशन भरलं की यशवंत स्टेडियम परिसरात धरणं आंदोलनं सुरू होतात. अंशतः अनुदानित शाळांचे शिक्षक तिथे वर्षानुवर्षं येत आहेत. त्यांची मागणी एका ओळीची आहे: 'प्रचलित पद्धतीने अनुदान द्या.' ही पद्धत आहे तरी काय?

खासगी संस्थेच्या शाळेला मिळणारं अनुदान मुख्यतः मंजूर पदांवरच्या शिक्षक-कर्मचाऱ्यांच्या पगारासाठी असतं. 20 टक्के अनुदान म्हणजे पगाराचे 20 टक्के. समजा एखाद्या शिक्षकाचा पगार 50 हजार रुपये होतो, तर सरकारकडून येणार 10 हजार. उरलेले 40 हजार संस्थेने द्यायचे. ते हातात पडत नाहीत, ही शिक्षकांची जुनी तक्रार.

2001 मध्ये सरकारने नव्या शाळांना 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावर परवानगी द्यायचं धोरण आणलं. म्हणजे शाळा काढा, पण पैसे मागू नका. 20 जुलै 2009 रोजी त्यातला 'कायम' हा शब्द काढला गेला. एका शब्दाने अनुदानाचं दार उघडलं, पण आधी मूल्यांकनाची अट आली आणि मग टप्पे.

प्रचलित पद्धतीत टप्पा दरवर्षी 20 टक्क्यांनी वाढतो आणि पाचव्या वर्षी शाळा 100 टक्क्यांवर पोहोचते. प्रत्यक्षात 2016 मध्ये 20 टक्के मिळालेल्या शाळांना 40 टक्के लागू झाले नोव्हेंबर 2020 पासून आणि 60 टक्के जानेवारी 2023 पासून. पुढच्या टप्प्याचा निर्णय 2024 मध्ये झाला, पण निधीची तरतूदच नव्हती. जुलै 2025 मध्ये शिक्षक मुंबईच्या आझाद मैदानावर बसले, तेव्हा कुठे ऑगस्टपासून वाढ देण्याचं ठरलं. ज्या शाळा 2020 मध्येच 100 टक्क्यांवर जायला हव्या होत्या, त्यांचा हिशोब 2025 मध्ये 80 टक्क्यांपर्यंत आला.

खरी अडचण इथेच आहे. टप्पा आपोआप वाढत नाही. प्रत्येक वेळी नवा शासन निर्णय, नवी तरतूद आणि बहुतेकदा नवं आंदोलन लागतं.

टप्पे पूर्ण झाले तरी पद टिकेलच असं नाही. दरवर्षी संचमान्यता होते, म्हणजे पटसंख्येवरून शाळेला किती शिक्षक मंजूर हे ठरतं. मुलं कमी झाली की शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले. त्याला शिक्षक संघटनांचा विरोध आहे, कारण कमी पटाच्या गावखेड्यातल्या शाळांना त्याचा सगळ्यात जास्त फटका बसेल, असं त्यांचं म्हणणं आहे.