भोरड्यांवर बंदूक का चालली नाही

आजच्या भागाचा विषय एका श्रोत्याच्या प्रश्नातून आलाय. ते इंग्लंडमध्ये राहतात. तिथे वुडपिजन म्हणजे रानकबूतर हे पिकाचं मोठं दुखणं. हिवाळ्यात, विशेषतः फेब्रुवारीत, शिकारी संध्याकाळी झाडीत दबा धरून बसतात आणि मुक्कामाला उतरणाऱ्या थव्यांवर बंदुका चालवतात. त्यांनी विचारलं, "तुमच्या नगर जिल्ह्यात असं काही होतं का?"

तोच हंगाम, तीच संध्याकाळ आणि तेच पिकाचं नुकसान आपल्याकडेही होतं. पक्षी मात्र वेगळा आणि हत्यारही वेगळं.

पक्षी म्हणजे भोरडी. पुस्तकात गुलाबी मैना किंवा पळसमैना. काळं डोकं, काळे पंख, बाकी अंग फिकट गुलाबी. हे पाहुणे मध्य आशियातून आणि पूर्व युरोपाकडून येतात. पावसाळ्यातच यायला लागतात आणि एप्रिल-मेपर्यंत परततात. दिवसभर शेतात, संध्याकाळी बाभळीत किंवा उसात मुक्काम. सूर्य कलला की छोटे छोटे थवे एकमेकांत मिसळतात, आभाळात गोल फिरतात आणि एकदम खाली पडल्यासारखे झाडांवर उतरतात. मग अंधार पडेपर्यंत नुसता कलकलाट.

या पक्ष्याची दख्खनमधली जुनी लेखी नोंद विल्यम हेन्री साइक्सची आहे. हा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी. १८२४ पासून दख्खनची आकडेवारी गोळा करायचं काम त्याच्याकडे होतं. शेती, लोकसंख्या, हवामान, सगळंच. त्यातून वेळ काढून त्याने इथल्या पक्ष्यांची यादी केली आणि ती १८३२ मध्ये प्रसिद्ध झाली. भोरड्यांबद्दल तो लिहितो की डिसेंबरात ज्वारी-बाजरी पिकताना त्यांच्या संख्येनं आकाश काळवंडतं, शेतकऱ्याला त्या टोळांइतक्याच घातक असतात, आणि बंदुकीच्या एका बारात चाळीस-पन्नास मेल्याचीही उदाहरणं आहेत. त्या काळातले इंग्रज तर तिला 'ज्वारी पक्षी'च म्हणत.

आता जरा हिशोब करू, माझा धंदाच तो आहे. थव्यात दहा हजार पक्षी धरा आणि प्रत्येक बार साइक्स म्हणतो तसा लागतो असं धरा. तरी दोनशे बार लागतील. बंदूक ठासणीची, म्हणजे प्रत्येक बारानंतर दारू भरा, छर्रे भरा, ठासा. पहिल्या बारालाच थवा उडून पलीकडच्या ओढ्याला जाणार. आणि उद्या दुसरा थवा आहेच.

याचा अर्थ बंदुकीनं पक्षी संपतच नाहीत असा नाही बरं का. याच मुलखात माळढोकाचं काय झालं ते पाहा. रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या एका इंग्रजाने १८०९ ते १८२९ या काळात नगर भागात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. एका माणसाने! माळढोकाची मादी बहुधा एकच अंडं घालते, आणि पक्षी उघड्या माळावर उभा असतो, लांबून दिसतो. बंदुकीबरोबर पुढे जीपगाड्या आल्या, माळ नांगरले गेले. १९७९ मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून माळढोक अभयारण्य जाहीर झालं, त्यात आपल्या शेजारचा नेवासा तालुकाही होता. पण पक्षी काही सावरला नाही. भोरडी मात्र तीन ते सहा अंडी घालते, आणि तीही इथून हजारो किलोमीटरवर, दगडांच्या राशींत. इथल्या बंदुकीचा तिथल्या हिशोबावर फरक पडणं अवघडच.

इंग्लंडने तर हा प्रयोग सरकारी खर्चानं करून पाहिला. १९५० आणि ६० च्या दशकांत रानकबुतरं मारायला तिथलं सरकार काडतुसांवर सवलत देत होतं. आर. के. मर्टन या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केंब्रिजशरमधल्या कार्लटन गावाच्या परिसरात वर्षानुवर्षं मोजणी केली. निष्कर्ष शिकाऱ्यांना आवडण्यासारखा नव्हता. हिवाळ्यात किती कबुतरं जगणार हे शेतातलं क्लोव्हर नावाचं गवत ठरवत होतं. जी मारली गेली त्यातली बरीचशी उपासमारीनं मेलीच असती. त्यांच्या वाट्याचं उरलेल्यांना मिळालं. वसंतात संख्या जवळजवळ तेवढीच. पुढे ती सवलत बंद झाली. मला हा अभ्यास फार आवडतो, कारण शंभर पक्षी पाडून आलेल्या माणसाला "काम झालं" असं वाटतं आणि मोजलं की काम झालेलं नसतं.

आपल्याकडे हा प्रयोग झालाच नाही, कारण शेतकऱ्याच्या हातात बंदूक नव्हती. १८७८ मध्ये लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला आणि परवान्याशिवाय बंदूक बाळगणं गुन्हा ठरलं. (त्याच वर्षी धोंड-मनमाड रेल्वे सुरू झाली, तिच्यावरच्या बेलापूर स्टेशनभोवती पुढे श्रीरामपूर वाढलं.) १९१२ च्या वन्यपक्षी कायद्याने कबूतर, तितर, मोर अशा पक्ष्यांना बंदीचा हंगाम दिला. त्यात भोरडी नव्हती, आणि पिकाच्या रक्षणासाठी मारायला तर सूटच होती. म्हणजे भोरडी मारायला कायद्याची आडकाठी नव्हती, पण मारायला लागणारी बंदूक सामान्य कुणब्याच्या आवाक्याबाहेर होती.

मग उरली गोफण. विणलेली दोरी, मधे दगड ठेवायला खोबण, एक टोक बोटात अडकवलेलं. फिरवायची आणि दुसरं टोक सोडायचं. दगड लागण्यापेक्षा आवाजच महत्त्वाचा. शेतात चार मेढी रोवून माळा बांधायचा आणि ज्वारी चिकात आली की तिथे मुक्काम ठोकायचा. माझी आजी लग्नाआधी दोन हिवाळे माळ्यावर होती. ती सांगायची, सगळ्यात वाईट वेळ दोनच: दिवस उगवताना आणि मावळायच्या आधी. सकाळी भोरड्या उपाशी येतात आणि संध्याकाळी मुक्कामाला जाण्याआधी पोट भरून घेतात. दुपारी जरा डुलकी काढली तर चालते. गोफणीनं उजव्या खांद्याची वाट लागली होती, ते म्हातारपणीही दुखायचं. शाळा? "भोरड्या गेल्यावर," असं म्हणून ती हसायची. ती शाळेत कधीच गेली नाही.

हे मला रोमँटिक करायचं नाहीये. राखण हे लहान पोरांच्या आणि बायकांच्या अंगावर टाकलेलं, बिनपगारी काम होतं. पण तंत्र म्हणून ते बरोबर होतं. पक्षी कमी करायचेच नव्हते. कणीस चिकात आल्यापासून दाणा टणक होईपर्यंतचे थोडे आठवडे त्यांना आपल्या शेतात बसू द्यायचं नव्हतं, एवढंच.

आणि अजून एक गोष्ट, जी कुणी मुद्दाम ठरवली नव्हती. पूर्ण शिवारात शाळू एकाच वेळी चिकात यायचा. थवा आला तरी तो शंभर शेतांत वाटला जायचा.

हे मोडलं ते पाण्यानं. १९२६ मध्ये भंडारदऱ्याचं धरण पूर्ण झालं, प्रवरेचे कालवे वाहिले, हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला. १९५० च्या सुमारास लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांचा सहकारी कारखाना आला आणि पुढे उसाची रांगच लागली. ज्वारी मागे सरली. गंमत म्हणजे भोरड्यांचं जेवण कमी झालं आणि झोपायची जागा वाढली. उसाच्या फडासारखा सुरक्षित मुक्काम दुसरा नाही.

कायदाही बदलला. १९७२ चा वन्यजीव कायदा, मग १९९१ ची दुरुस्ती, शिकारीचे परवाने संपले. मैनेचं कुळही संरक्षित यादीत आलं. तिकडे चीनच्या शिंजियांगमध्ये तर याच पक्ष्यासाठी दगड-विटांची घरटी बांधून देतात, कारण उन्हाळ्यात ती टोळ आणि नाकतोडे फस्त करते. आपल्या वाट्याला नेमका तिचा दाणे खायचा मोसम येतो, त्याला काय करणार!

तर आजची अडचण अशी आहे. चारही बाजूंना ऊस, गहू, कांदा, आणि मधे एखाद्याचा वीस गुंठे शाळू. भाकरीपुरता आणि कडब्यापुरता. संध्याकाळी उसात उतरायच्या आधी पूर्ण थवा त्या वीस गुंठ्यांवर बसतो, कारण दुसरं शेतच नाही. पोरं शाळेत आहेत, आणि तिथेच असायला हवीत. राखणीला माणूस लावायचा तर मजुरी निघत नाही. चमकणाऱ्या पट्ट्या चार दिवस चालतात, मग पक्षी सरावतात. जाळी महाग. मागच्या हिवाळ्यात आमच्या वस्तीजवळच्या एका काकांना विचारलं, यंदा शाळू किती? ते म्हणाले, "बाबा, सोडला. एकट्यानं कुणासाठी पेरायचा, भोरड्यांसाठी?" त्यांच्या त्या तुकड्यात आता उसाची लागण आहे आणि कडबा ते जामखेडकडून विकत आणतात.