दोन ऑलिम्पिक गोल्ड जिंकलेली बॉक्सर एमएमएच्या पिंजऱ्यात उतरली, तेव्हा काय झालं?

१० जून २०२१, अमेरिकेतलं अटलांटिक सिटी. पिंजऱ्यात एक फायटर पाठीवर पडलीये आणि दुसरी तिच्यावर बसून ठोसे मारतीये. खाली पडलेली आहे क्लॅरेसा शील्ड्स. दोन ऑलिम्पिक सुवर्णपदकं, व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये एकही पराभव नाही, दोन वजनी गटांत चारही मोठे पट्टे एकाच वेळी जिंकलेली. वर बसलेल्या ब्रिटनी एल्किनचं नाव तुम्ही ऐकलं नसेल, आणि त्यात तुमची काही चूक नाही. एमएमएमध्ये तिच्या नावावर विजयांपेक्षा पराभव जास्त होते.

शील्ड्सनं ती लढत जिंकली. पण त्याआधीच्या दोन फेऱ्या बघून अनेकांना एकच प्रश्न पडला: जगातली सर्वोत्तम बॉक्सर म्हणवणाऱ्या मुलीला कुणी इतक्या सहज खाली कसं पाडू शकतं?

आधी शील्ड्स कोण, ते बघू

मिशिगन राज्यात फ्लिंट नावाचं शहर आहे. नळाच्या पाण्यात शिसं सापडल्यामुळे जगभर बदनाम झालेलं, तेच. तिथल्या गरीब घरात १९९५ साली शील्ड्स जन्मली आणि अकराव्या वर्षी बॉक्सिंग शिकायला लागली. महिला बॉक्सिंग ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आलं ते २०१२ मध्ये लंडनला. आपल्या मेरी कोमनं ब्राँझ जिंकलं, तेच ऑलिम्पिक. तिथे १७ वर्षांच्या शील्ड्सनं ७५ किलो गटात सुवर्ण जिंकलं. चार वर्षांनी रिओत पुन्हा. सलग दोन ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकणारी ती पहिली अमेरिकन बॉक्सर. पुरुष धरूनसुद्धा.

एवढं सगळं असताना कुणी खेळ का बदलेल? उत्तर आहे पैसा आणि टीव्ही. महिला बॉक्सरना पुरुषांच्या तुलनेत फार कमी पैसे मिळतात, यावर शील्ड्स वर्षानुवर्षं जाहीरपणे बोलत आलीये. मार्च २०२१ मध्ये तिनं मारी-ईव्ह डिकेअरला हरवून दुसऱ्या वजनी गटात सगळे पट्टे मिळवले. चार पट्ट्यांच्या काळात दोन गटांत असं करणारी ती पहिली बॉक्सर ठरली, आणि ही ऐतिहासिक लढत मोठ्या वाहिनीवर नाही, तर स्वतंत्र पे-पर-व्ह्यूवर बघावी लागली!

एमएमएमध्ये चित्र वेगळं होतं. तिथे बायका मुख्य लढतीत झळकत होत्या. पीएफएल या लीगमध्ये सीझन जिंकणाऱ्याला दहा लाख डॉलर्स मिळायचे. ज्युदोत २०१२ आणि २०१६ ची दोन सुवर्णपदकं जिंकलेली कायला हॅरिसन २०१९ मध्ये ते घेऊन गेलीही होती. डिसेंबर २०२० मध्ये शील्ड्सनं याच पीएफएलशी करार केला आणि न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीला जाऊन सराव सुरू केला.

बॉक्सिंग येतं, मग अडचण कुठे आहे?

एमएमए म्हणजे बॉक्सिंग अधिक लाथा, असं आपल्याला वाटतं. तसं असतं तर सोपं होतं. खरी गोची अशी की बॉक्सरच्या अंगात मुरलेल्या कितीतरी चांगल्या सवयी इथे त्याच्यावर उलटतात.

उभं राहण्यापासूनच सुरुवात करा. बॉक्सर अंग थोडं तिरकं ठेवतो, म्हणजे समोरच्याला मारायला जागा कमी मिळते. वजन पुढच्या पायावर टाकून तो ठोसा मारतो. बॉक्सिंगमध्ये पायाला कुणी हात लावत नाही, त्यामुळे यात काही धोका नाही. एमएमएमध्ये मात्र तोच पुढे काढलेला, वजन पेललेला पाय सगळ्यात सोपं लक्ष्य असतो. लाथ बसायला आणि पकडायलाही.

दुसरी गोष्ट खाली वाकण्याची. ठोसा चुकवायला बॉक्सर कमरेतून वाकतो, डोकं खाली नेतो. बॉक्सिंगमध्ये ही कला आहे. एमएमएमध्ये त्याच वेळी समोरून गुडघा येऊ शकतो.

ग्लोव्हजचंही तसंच. बॉक्सिंगचे ग्लोव्हज ८ किंवा १० औंसांचे, उशीसारखे फुगीर. दोन्ही हात चेहऱ्यासमोर धरले की भिंत तयार होते. एमएमएचे साधारण ४ औंसांचे, बोटं उघडी. त्यांच्या मधून ठोसा आरपार येतो.

आणि मग मिठी. बॉक्सिंगमध्ये दमलेला बॉक्सर समोरच्याला मिठी मारतो, रेफरी येऊन सोडवतो, तेवढाच दोन सेकंद आराम. एमएमएमध्ये रेफरी सोडवायला धावत येत नाही, कारण मिठी पडली की खरं काम तिथून सुरू होतं.

कुस्ती बघणाऱ्या मराठी माणसाला हे पटकन कळेल. आपल्याकडे पैलवान वाकून दोन्ही पाय धरतो आणि उचलतो, त्याला दुहेरी पट काढणं म्हणतात. एक पाय धरला तर एकेरी पट. एमएमएमध्ये ज्याला टेकडाऊन म्हणतात, त्यातला मोठा भाग हाच. फक्त इथे पाठ जमिनीला टेकली की कुस्ती संपत नाही. तिथून पुढे वरचा माणूस ठोसे मारतो, हात पिरगाळतो किंवा गळा आवळतो. पट काढायला लहानपणापासून शिकलेल्या माणसासमोर वयाच्या पंचविशीत पट अडवायला शिकणारा माणूस उभा असतो, आणि पट निघेल या भीतीनं तो आपले हुकमी ठोसेही मोकळेपणानं मारू शकत नाही. माझ्या मते बॉक्सरचं सगळ्यात मोठं नुकसान हेच आहे. हातात ताकद असते, पण ती सोडायची हिंमत होत नाही.

त्यात वेळेचं गणित. महिलांच्या व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये फेरी साधारण दोन मिनिटांची असते. एमएमएमध्ये पाच मिनिटांची. दहाव्या सेकंदाला खाली पडलात, तर उरलेली चार मिनिटं पन्नास सेकंद कुणाचं तरी वजन अंगावर घेऊन काढावी लागू शकतात.

याआधी कुणी प्रयत्न केला होता का?

केला होता, आणि बऱ्याचदा तो फसला होता. १९९३ मध्ये डेन्व्हरला झालेल्या पहिल्याच यूएफसीत आर्ट जिमरसन हा बॉक्सर एकाच हातात ग्लोव्ह घालून उतरला. समोर जुजुत्सूवाला रॉइस ग्रेसी. जिमरसन खाली गेला आणि थोड्याच वेळात त्यानं हार मानली.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण जेम्स टोनीचं. तीन वजनी गटांत विश्वविजेता राहिलेला हा बॉक्सर २८ ऑगस्ट २०१० रोजी बॉस्टनमध्ये यूएफसी ११८ मध्ये उतरला. वय ४२. समोर ४७ वर्षांचा रँडी कूटूर, मूळचा कुस्तीगीर. घंटा वाजल्यावर काही सेकंदांतच कूटूरनं खाली झेप घेऊन त्याचा पाय धरला, आपल्या भाषेत एकेरी पट काढला, आणि टोनी आडवा. ३ मिनिटं १९ सेकंदांत गळा आवळून लढत संपली.

मग हे कुणालाच जमलं नाही का? जमलं ना, हॉली होमला. तीन वजनी गटांत बॉक्सिंगचे किताब जिंकलेल्या होमनं मेलबर्नमध्ये २०१५ साली, ५६ हजारांहून जास्त प्रेक्षकांसमोर रोंडा राउझीला नॉकआऊट केलं. राउझी तोवर एमएमएत हरलीच नव्हती. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. होमची सुरुवात किकबॉक्सिंगमधून झाली होती, आणि ती राउझीसमोर उभी राहिली ती पदार्पणानंतर चार वर्षांनी, नऊ लढती जिंकून. आणि शेवटचा घाव? ठोसा नव्हे, मानेवर बसलेली लाथ. चार महिन्यांनी मीशा टेटनं तिलाही पाचव्या फेरीत खाली नेऊन गळा आवळून हरवलं.

पुन्हा शील्ड्सकडे

करार ते पदार्पण यात शील्ड्सला मिळाले जेमतेम सहा महिने, त्यातही मध्ये बॉक्सिंगची मोठी लढत. एल्किननं पहिल्या दोन फेऱ्यांत तिला खाली पाडलं. तिसऱ्या फेरीत मात्र शील्ड्स वर आली आणि रेफरीनं लढत थांबवेपर्यंत ठोसे मारत राहिली. एमएमएत अजून नवशिकी, पण घाबरली नाही, हे त्या रात्री दिसलं.

२७ ऑक्टोबर २०२१ ला फ्लोरिडात तिच्यासमोर होती मेक्सिकोची २१ वर्षांची ॲबिगेल माँटेस, फक्त दोन लढतींचा अनुभव असलेली. उभ्या मारामारीत शील्ड्स सरस होती. पण लढत पुढे सरकली तशी माँटेसनं तिला जमिनीवर नेलं आणि वर बसून गुण मिळवले. निकाल विभागून लागला, पण पंचांनी कौल माँटेसच्या बाजूनं दिला. व्यावसायिक पातळीवर, कुठल्याही खेळात, शील्ड्सचा हा पहिला पराभव.

‘बघा, नुसतं बॉक्सिंग चालत नाही’ असं लगेच सुरू झालं. थोडं खरं आहे, थोडं अन्यायाचं. तुलना करायचीच तर कायला हॅरिसनशी करा. तीही ऑलिम्पिकमधून आली, पण ज्युदोतून. धरणं आणि पाडणं तिला आधीच येत होतं, ठोसे नंतर शिकता आले. तिनं पीएफएलचा सीझन दोनदा जिंकला आणि जून २०२५ मध्ये यूएफसीचा किताबही घेतला. आपल्याकडची रितू फोगाट कुस्तीतूनच एमएमएत गेली. मुंबईचा भरत खंडारे २०१७ मध्ये यूएफसीत उतरला, तोही कुस्तीतूनच आलेला. जमिनीवरचा खेळ येणाऱ्याला उभं राहायला शिकवणं तुलनेनं सोपं, उलटं अवघड.

माँटेसनंतर शील्ड्स बॉक्सिंगकडे वळली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये लंडनमध्ये सव्हाना मार्शलला हरवून पुन्हा सगळे पट्टे घेतले. हौशी काळात तिला हरवलेली एकमेव बॉक्सर म्हणजे ही मार्शल! फेब्रुवारी २०२४ मध्ये रियाधमध्ये ती परत पिंजऱ्यात गेली आणि केल्सी डिसँटिसला विभागून लागलेल्या निकालात हरवलं. एमएमएचा हिशोब झाला तीन लढती, दोन विजय, एक पराभव.

त्यानंतर पाच महिन्यांत तिनं डेट्रॉइटमध्ये हेवीवेटचा जागतिक किताब जिंकला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅनिएल पर्किन्सला हरवून त्या गटातही निर्विवाद विजेती झाली. ती लढत फ्लिंटमध्ये झाली, तिच्या स्वतःच्या गावात.